चर्चगेट ते काळा घोडा : चालत बाजारात जाणारी शेवटची पिढी

चर्चगेट स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडले की समोर इरॉस चित्रपटगृहाची, १९३८ सालची, लाल दगड आणि दुधी रंग यांचा मेळ घातलेली इमारत दिसते. तिच्या पलीकडे ओव्हलचे मैदान पसरलेले आहे. तेथून फॅशन स्ट्रीट, हुतात्मा चौक, दलाल स्ट्रीट, काळा घोडा आणि पुन्हा ओव्हलच्या कडेने चर्चगेट अशी फेरी घातली, तर फार तर तीन किलोमीटर चालणे होते. मुंबईच्या नकाशावर हा भाग तळहाताएवढाही भरणार नाही. तरीही विसाव्या शतकाच्या शेवटच्या पाच वर्षांत जी मुले-मुली तेरा ते एकोणीस वर्षांची होती, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या वयात येण्याचा इतिहास या लहानशा फेरीत सामावलेला आहे.

ही मुले केवळ दक्षिण मुंबईची नव्हती. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे येथील व्यापारी कुटुंबांचा काळबादेवी, मूळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केटशी पिढ्यान् पिढ्यांचा संबंध. खरेदीसाठी वडील मुंबईस निघाले की उन्हाळ्याच्या सुटीत थोरला मुलगा किंवा मुलगी बरोबर येण्याचा हट्ट धरी. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरायचे, दुपारपर्यंत गाद्यांवर बसून कापडाचे ठाण उलगडताना पाहायचे, आणि संध्याकाळी मामाच्या किंवा आतेभावाच्या सोबतीने ‘फोर्टात’ जायचे, असा तो क्रम असे. सकाळचा बाजार वडिलांचा आणि संध्याकाळचा बाजार मुलांचा. दोन्ही बाजारांमध्ये अंतर थोडे होते, पण त्यांचे वय निराळे होते.

स्वतःच्या खिशातली पहिली घासाघीस

क्रॉस मैदानाच्या कडेने महात्मा गांधी मार्गावर लागलेली कपड्यांच्या लहान दुकानांची रांग ‘फॅशन स्ट्रीट’ या नावाने ओळखली जाते. परदेशी पाठवण्यासाठी शिवलेल्या मालातील उरलेला वा किरकोळ दोषामुळे बाजूला काढलेला माल येथे येई, आणि त्याच्या जोडीला त्याची हुबेहूब नक्कलही येई. खरे कोणते आणि नक्कल कोणती, हे ओळखणे गिऱ्हाइकाच्या नजरेवर सोडलेले असे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात या रांगेला नवे गिऱ्हाईक मिळाले. त्याआधी घरातील मुलांचे कपडे मोठ्या माणसांच्या पसंतीने येत. दिवाळीला एक जोड, लग्नसराईत एखादा जोड, आणि कापड बहुधा ओळखीच्या पेढीवरचे. १९९४ साली चॅनेल व्ही आणि १९९६ साली नव्याने परतलेले एमटीव्ही यांनी मुलांसमोर निराळ्या वेषातील निराळी माणसे उभी केली. ‘दिल तो पागल है’ १९९७ मध्ये आला आणि १९९८ च्या दिवाळीत ‘कुछ कुछ होता है’ झळकला. नायकाच्या गळ्यातील साखळी, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट, अनेक खिशांची कार्गो पँट, नायिकेचा आखूड केसांचा कट यांची मागणी पडद्यावरून थेट पदपथावर येऊन पोहोचू लागली. ‘टायटॅनिक’ १९९८ च्या मार्चमध्ये भारतात प्रदर्शित झाला, त्याच महिन्यात त्याने अकरा ऑस्कर पटकावले, आणि त्या जहाजाची चित्रे छातीवर मिरवणारे टी-शर्ट रस्तोरस्ती दिसू लागले.

व्यापारी घरातील मुलांना येथे एक अनपेक्षित धडा मिळत असे. दुकानाच्या गल्ल्यामागे बसून त्यांनी भाव सांगताना वडिलांना पाहिलेले असे. येथे प्रथमच ती गल्ल्याच्या पुढे उभी राहत. समोरचा विक्रेता तीनशे म्हणे, मूल दीडशे म्हणे, विक्रेता खांदे उडवी, मूल चार पावले पुढे जाई आणि मागून हाक ऐकू येई. भवानीच्या वेळी दुकानदार का नमतो, संध्याकाळी का ताठर होतो, माल हातात घेऊन शिवण उलटी करून पाहिल्यावर त्याचा सूर का बदलतो, हे सारे त्या दहा-बारा मिनिटांत कळून येई. वडिलांच्या दुकानात ‘एकच भाव’ अशी पाटी असली, तरी त्या एका भावामागे किती हिशेब दडलेला असतो, याची जाण पुष्कळांना येथेच आली असावी.

जगाच्या बातमीचा चौक

फॅशन स्ट्रीटवरून दक्षिणेकडे चालत गेले की हुतात्मा चौक लागतो. १८६४ साली बांधलेले फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक, अशा दोन काळांच्या खुणा येथे शेजारी उभ्या आहेत. याच चौकालगत सेंट्रल टेलिग्राफ ऑफिस आणि विदेश संचार भवन या दोन इमारती आहेत. देशाच्या दळणवळणाचा एक अध्याय पहिल्या इमारतीत संपत आला असताना दुसरीत पुढचा अध्याय सुरू झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच्या पंधरा दिवस आधी, ३१ जुलै रोजी, देशातील पहिला मोबाइल संवाद कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाला होता. त्याच वर्षी बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले. एकाच वर्षात शहराचे नाव आणि शहराचे बोलणे दोन्ही बदलले, असे म्हटले तरी चालेल.

बदलाचा वेग मात्र आरंभी मंद होता. मोबाइल फोन श्रीमंत दलालांच्या हाती दिसे, पण आलेल्या फोनसाठीही पैसे मोजावे लागत असल्याने तो खिशातच अधिक राही. कमरेला पेजर लावलेले तरुण व्यापारी घाईघाईने जवळचे फोन बूथ शोधीत. गावाकडे बोलायचे असेल, तर पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथसमोर रात्री अकरानंतर रांग लागे, कारण त्या वेळी दर पावपट होई. काचेच्या खोक्यात उभे राहून, समोर धावणाऱ्या लाल आकड्यांकडे डोळे लावून, बाहेर ताटकळणाऱ्या माणसांची नजर चुकवीत बोलणे ही त्या पिढीची दूरध्वनीवर बोलण्याची पहिली शिकवण. कोणती गोष्ट बोलायलाच हवी आणि कोणती पत्रात लिहिली तरी चालेल, याची निवड प्रत्येकाला करावी लागे.

१९९८ च्या सुमारास याच बूथपैकी अनेकांमध्ये प्लायवुडचे आडपडदे उभे राहिले, आत संगणक आले आणि बाहेर ‘सायबर कॅफे’ अशी पाटी लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे दार उघडले आणि दर उतरू लागले. मोडेमचा तो खरखरता, किंचाळणारा आवाज, पान उघडेपर्यंतची मिनिटे, तासाच्या हिशेबाने मोजली जाणारी वेळ आणि हॉटमेलवर उघडलेले पहिले खाते, या गोष्टी त्या वयाच्या कोणालाही विसरता येणार नाहीत. परदेशातील अनोळखी मुलाशी टंकलिखित गप्पा मारताना वय आणि गाव विचारण्यापलीकडे संभाषण फारसे सरकत नसे, पण ते सरकले नाही तरी जग जवळ आल्याचा आनंद पुरेसा होता. शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी मुलगा ‘हे बटण दाब’ असे सांगे आणि ओळख होई. यंत्र एकट्याचे नसल्यामुळे त्याचे शिक्षणही एकट्याने घ्यावे लागत नसे.

बातम्यांचेही तसेच होते. १९९७ च्या ऑगस्टअखेर ब्रिटनच्या राजकुमारी डायनाचा अपघाती मृत्यू आणि लगेचच सप्टेंबरच्या आरंभी मदर टेरेसांचे निधन, मे १९९८ मधील पोखरणचे अणुस्फोट, त्याच वर्षी एप्रिलच्या २२ आणि २४ तारखेला शारजात सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध झळकावलेली दोन शतके, फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीत अनिल कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी बाद केलेला डाव, त्या उन्हाळ्यातील कारगिलचे युद्ध आणि वर्षअखेरीस कंदाहारला नेलेले भारतीय विमान, या साऱ्या घटना मुलांनी चारचौघांत पाहिल्या व ऐकल्या. दूरचित्रवाणी संचांच्या दुकानाच्या काचेसमोर सामन्याच्या दिवशी गर्दी साचे. दुकानदार आवाज मोठा करी, हमाल, कारकून, कॉलेजची मुले आणि एखादा सूटबूटवाला अधिकारी खांद्याला खांदा लावून उभे राहत. त्या गर्दीतून एकही संच विकला जात नसे. तरीही कोणत्याही शहाण्या दुकानदाराने काचेवर पडदा ओढला नाही.

कारगिलची गोष्ट त्याहून गंभीर होती. भारतीय घरांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेले ते पहिले युद्ध. पडद्यावर दिसणारे शहीद जवान वयाने त्या मुलांच्या थोरल्या भावांएवढे होते. गाणी, कपडे आणि मैत्रीचे पट्टे यांत रमलेल्या मुलांनी त्या पावसाळ्यात मदतनिधीचे डबे घेऊन बाजारपेठांतून फेऱ्या काढल्या. त्या पिढीला उथळ म्हणणाऱ्यांनी हे पानही वाचावे.

मोफत चाळण्याची मुभा

हुतात्मा चौकाच्या पदपथांवर त्या काळी जुन्या पुस्तकांचे ढीग लागत. शाळेची संदर्भपुस्तके, परदेशी मासिकांचे जुने अंक, रहस्यकथा आणि संगणकाच्या भाषांवरील जाडजूड ग्रंथ तेथे एकत्र नांदत. इसवी सन २००० उजाडताच संगणकांतील तारखा कोलमडतील, या वायटूकेच्या धास्तीने जगभर भारतीय संगणकतज्ज्ञांना मागणी आली होती, आणि घरोघरी मुलांना संगणकाच्या वर्गात घालण्याची चढाओढ लागली होती. पदपथावरचा विक्रेता, ज्याने त्यातील एकही पान वाचले नसेल, कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते पुस्तक लागते हे अचूक सांगे. गिऱ्हाइकांचे प्रश्न ऐकून ऐकून मिळवलेले ते ज्ञान होते. पुढे महापालिकेच्या कारवाईनंतर ही रांग विरळ झाली.

जवळच, सर फिरोजशाह मेहता मार्गावर, स्ट्रँड बुक स्टॉल होता. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहातील लहानशा जागेत त्याचा आरंभ केला होता. पुस्तकावर सवलत देणे आणि वाचकाला मनसोक्त चाळू देणे, या दोन गोष्टींवर त्यांनी दुकान उभे केले. चर्चगेटजवळच्या सुंदराबाई सभागृहात भरणाऱ्या त्यांच्या पुस्तकविक्रीला मुले आईवडिलांबरोबर येत आणि पिशव्या भरून परतत. २००३ साली शानभागांना पद्मश्री मिळाली. पुस्तकविक्रेत्याला असा सन्मान क्वचित लाभतो. २०१८ च्या फेब्रुवारीत ते दुकान बंद झाले, तेव्हा शेवटच्या दिवसांत तेथे जाणाऱ्यांमध्ये चाळिशीकडे झुकलेली तीच जुनी मुले होती.

याच काळात मुंबईत याच्या अगदी उलट एक प्रयोग झाला. १९९९ साली हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा शहरातील पहिल्या मोठ्या मॉलपैकी एक सुरू झाला. लोकांची झुंबड उडाली, आणि ती आवरण्यासाठी काही काळ प्रवेशद्वारावर नियम लावला गेला की, मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड जवळ असेल त्यालाच आत सोडावे, इतरांनी प्रवेशशुल्क भरावे. टीका झाली आणि तो नियम मागे घ्यावा लागला. काही वर्षांनी त्या मॉलचेही दिवस सरले. खिसा पाहून दार उघडायचे की दार उघडे ठेवून खिशाची वाट पाहायची, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. पदपथावरच्या विक्रेत्याने आणि शानभागांनी त्याचे उत्तर आपापल्या परीने दिले होते. आज हातात दोनच रुपये असलेला मुलगा दहा वर्षांनी कमावता होतो आणि आपल्याला कोणी उभे राहू दिले होते, हे तो विसरत नाही.

वडिलांची रिंग

स्ट्रँडपासून पाच मिनिटांवर दलाल स्ट्रीट आहे. मुलांना तेथे काही आकर्षण नसे, पण वडिलांचे पाऊल वळल्याशिवाय राहत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाउन हॉलसमोरच्या वडाखाली काही दलाल जमू लागले आणि त्यातूनच १८७५ साली मुंबई शेअर बाजाराची संघटना उभी राहिली. सव्वाशे वर्षे हा बाजार माणसांच्या आवाजावर चालला. ‘रिंग’मध्ये उभे राहून, हात उंचावून, ओरडून भाव सांगायचा. समोरच्याने मान हलवली की सौदा पक्का. लिहिणे नंतर. शब्द फिरवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या रिंगमध्ये तोंड दाखवणे कठीण होई. जॉबर, दलाल, उपदलाल यांच्या या जगात गुजराती, मारवाडी आणि जैन कुटुंबांचा वाटा मोठा होता.

१९९४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय शेअर बाजाराने समभागांची संगणकीय उलाढाल सुरू केली आणि १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटनेही पडद्यावरचा व्यवहार स्वीकारला. पाठोपाठ १९९६ मध्ये समभागांची कागदी प्रमाणपत्रे खात्यातील नोंदी होऊ लागली. खोट्या सह्या, हरवलेली प्रमाणपत्रे, हस्तांतरणातील महिनोन् महिन्यांचा विलंब हे सारे मागे पडले, आणि लहान गावातील गुंतवणूकदारालाही तोच भाव त्याच क्षणी दिसू लागला. लाभ निःसंशय मोठा होता. पण रिंग रिकामी झाली. ज्यांची सारी हुशारी समोरच्याचा चेहरा वाचण्यात होती, असे कितीतरी जॉबर पडद्यासमोर बसून गोंधळले. काहींनी मुलांना शेजारी बसवले. १९९९ च्या मार्चमध्ये इन्फोसिस अमेरिकेच्या नॅस्डॅकवर नोंदली गेली, संगणक कंपन्यांचे भाव आकाशाला भिडले, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले वडिलांना सांगू लागली की ‘सॉफ्टवेअर’ म्हणजे काय. २००० च्या वसंतात तो फुगा फुटला, तेव्हा वडिलांनी मुलांना सांगितले की ‘तेजी’ म्हणजे काय.

या फेरीचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर दलाल स्ट्रीटवर क्षणभर थांबलेच पाहिजे. मुलांच्या बाजारावर जो प्रसंग पंधरा वर्षांनी ओढवणार होता, तो वडिलांच्या बाजारावर आधी येऊन गेला होता. दोन्ही ठिकाणी माणसे पायांनी येत होती आणि दोन्ही ठिकाणी पडद्याने ती चाल संपवली.

काळ्या घोड्याजवळचे संगीत

दलाल स्ट्रीटवरून पश्चिमेकडे वळले की काळा घोडा. ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ सालीच येथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला होता. नाव मात्र मागे राहिले. २०१७ साली स्वाराविना असलेला नवा घोडा येथे उभा राहिला. १९९९ मध्ये येथे काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला, तोही याच दशकाअखेरचे अपत्य.

या चौकाच्या एका कोपऱ्यावर रिदम हाऊस होते. १९४० च्या दशकात सुरू झालेल्या या संगीताच्या दुकानात अभिजात गायनापासून पाश्चात्त्य रॉकपर्यंत सारे मिळे. महत्त्वाचे असे की येथे आधी ऐकता येई. विक्रेत्याकडे कॅसेट मागायची, कानाला हेडफोन लावायचा आणि डोळे मिटून उभे राहायचे. १९९७ मध्ये स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी ए. आर. रहमानचा ‘वंदे मातरम्’ आला, इंडीपॉपचे गायक घरोघरी पोहोचले होते, आणि महिन्याच्या खाऊच्या पैशांतून एखादीच कॅसेट परवडे. त्यामुळे निवड फार विचारपूर्वक केली जाई. तीन मित्रांनी तीन निरनिराळ्या कॅसेट घ्यायच्या आणि आठवड्याने अदलाबदल करायची, ही त्या काळची साधी भागीदारी. रिकाम्या कॅसेटवर निवडक गाणी भरून, पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात यादी लिहून मैत्रिणीला भेट द्यायची, हे त्या काळचे प्रेमळ पत्र.

गल्ल्यामागचा विक्रेता हाही या व्यवहाराचा घटक होता. कोणी चित्रपटगीत मागितले, तर तो त्याच रागातील एखाद्या गायकाचे नाव सुचवी. ‘हे ऐकून बघा, आवडले नाही तर घेऊ नका,’ एवढेच म्हणे. अशा एका वाक्याने किती जणांच्या कानाची दिशा बदलली असेल, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

चौकापासून काही पावलांवर एस्प्लनेड मॅन्शन ही जीर्ण लोखंडी इमारत आहे. पूर्वीचे हे वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे भारतात प्रथम येथेच दाखवली गेली. देशात पडदा जेथे पहिल्याने उजळला, तेथून हाकेच्या अंतरावर पुढे पडद्यानेच एक दुकान मिटवले. जून १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर सुरू झाले आणि गाणी संगणकावरून फुकट हिंडू लागली. तेव्हा काळ्या घोड्यावर कोणाला त्याची चाहूल लागली नाही. कॅसेट गेली, सीडी आली, सीडीही गेली आणि २०१६ च्या फेब्रुवारीअखेर रिदम हाऊस बंद झाले.

सर्वांचे घड्याळ

फेरीचा शेवट विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवरपाशी होतो. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून आखलेला हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्यासाठी द्रव्य दिले ते शेअर बाजाराच्या आद्य धुरीणांपैकी एक, जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिले ते आपल्या मातोश्री राजाबाईंचे. असे सांगतात की दृष्टी अधू झालेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्यासाठी वेळ कळावी, म्हणून हे घड्याळ. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील भाव मोठा आहे. एका मातेच्या व्रतासाठी लावलेले घड्याळ सबंध शहराला वेळ सांगू लागले.

त्या दशकातील जैन घरांतील मुलांचाही या घड्याळाशी नकळत संबंध होता. ‘दिवेलागणीच्या आत जेवायला ये’ हा घरचा निरोप आणि मित्रांबरोबर चौपाटीवर रेंगाळण्याची ओढ यांत दर संध्याकाळी रस्सीखेच होई. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेली मुले मित्रांच्या टोळक्यात संकोचत. पण बाजार त्यांच्यासाठीही वळण घेत होता. पावभाजीच्या गाड्यावर कच्च्या केळ्याची ‘जैन’ भाजी मिळे. १९९६ मध्ये भारतात आलेल्या अमेरिकी बर्गर साखळीलाही येथे गोमांस आणि डुकराचे मांस वगळून, शाकाहारी पदार्थांची व्यवस्था वेगळी ठेवूनच दुकान उघडावे लागले. परंपरा टिकते ती घरातील आग्रहाने, आणि तितकीच बाजारातील गिऱ्हाइकाच्या ठामपणाने, हे त्या मुलांनी पाहिले.

त्या काळाचे गोडवे गाताना त्याची उणी बाजू झाकू नये. हे सारे मुंबईत होते. फलटण वा बार्शीच्या मुलाला हवी ती कॅसेट मिळायला सुटीची वाट पाहावी लागे. मुलींना संध्याकाळी या फेरीला सोबत लागे, आणि कित्येकींना ती मिळतच नसे. आज त्याच बार्शीतील मुलगी घरात बसून जगातील कोणतेही गाणे ऐकते, कोणतेही पुस्तक मागवते, स्वतः विणलेले वा बनवलेले परदेशी विकते. दाराबाहेर पडण्याची परवानगी ज्यांना नव्हती, त्यांच्यासाठी पडद्याने दार उघडले, हे मान्य करायलाच हवे.

पण जे गेले त्याची नेमकी ओळखही व्हायला हवी. कॅसेट, पेजर, भेटकार्ड, फोन बूथ या वस्तू गेल्या, याचे दुःख करण्यासारखे फारसे नाही. वस्तू येतात आणि जातात. व्यापाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. गेली ती हवी असलेली गोष्ट मिळवण्यासाठी घराबाहेर पडण्याची गरज. तिच्याबरोबर वाटेत भेटणारी अनोळखी माणसे गेली, काचेसमोरची गर्दी गेली आणि ‘हे ऐकून बघा’ म्हणणारा मधला माणूसही गेला. मुलांची इच्छा आणि तिची पूर्ती यांच्यामध्ये पूर्वी एक रस्ता होता. रस्त्यावर दहा जण भेटत, दोघे फसवत, एखादा शहाणे करून सोडी. आता इच्छा आणि पूर्ती यांमध्ये बोटाएवढेच अंतर आहे.

त्या मुलांपैकी अनेक जण आज पेढ्यांच्या गाद्यांवर बसले आहेत. त्यांच्याहून स्वस्त भाव फोनवर दिसतो, हे त्यांना ठाऊक आहे. भावाच्या लढाईत पडदाच जिंकेल, हेही दलाल स्ट्रीटने त्यांच्या वडिलांना शिकवले आहे. तरीही काही दुकाने टिकून आहेत, आणि जी टिकली त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट सारखी आढळते. तेथे बसायला बाक असतो, पाणी विचारले जाते, माल न घेता निघालेल्या मुलाला ‘पुन्हा या’ म्हटले जाते, आणि गल्ल्यामागचा माणूस जे ठाऊक आहे ते मोकळ्या मनाने सांगतो. शानभागांचे दुकान आणि रिदम हाऊस बंद झाले ते खरे, पण त्यांनी गिऱ्हाइकांना दिलेला विश्वास मागे उरला. तो कोणत्याही पेढीला आजही उचलून घेता येतो.

राजाबाई टॉवरचे घड्याळ दर पंधरा मिनिटांनी वाजते. ओव्हलवर क्रिकेट खेळणारी मुले मान वर करून पाहत नाहीत, कारण प्रत्येकाच्या खिशात स्वतःची वेळ आहे. प्रेमचंदशेठांनी घड्याळ घरात न बसवता चौकात उंचावर बसवले, म्हणून ते दीडशे वर्षांनीही सर्वांचे राहिले. सुटीत मुंबईस जाणाऱ्या कुटुंबांनी आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना एकदा फोन खिशात ठेवून या तीन किलोमीटरच्या फेरीला न्यावे. फॅशन स्ट्रीटवर त्यांना स्वतःच्या पैशांनी घासाघीस करू द्यावी, दोन वेळा फसू द्यावे, आणि सूर्य मावळायच्या आत घरी परतावे.